तिसऱ्या रांगेतला आगवाला

१

सकाळी सभागृह उघडलं तेव्हा फोटोतला एक माणूस बिनचेहऱ्याचा झाला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. मधोमध खुर्चीत कॅप्टन, त्याच्या दोन्ही बाजूंना अधिकारी, मागे खलाशी, स्वयंपाकघरातली माणसं, बॉयलरखान्यातली माणसं. फक्त तिसऱ्या रांगेत, डावीकडे, एका धडावर डोक्याच्या जागी गोल भोक होतं आणि त्यातून मागचा पुठ्ठा दिसत होता.

मी गाडीतून उतरून थेट तिथे पोचले तेव्हा भावोजी टेबलाभोवती घिरट्या घालत होते. भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान आणि बंदरावरच्या त्या छोट्या संग्रहालयाचे प्रमुख. माणूस सज्जन, पण संकट आलं की पाचावर धारण बसते.

"मेहुणीबाई, माझं नाक कापलं गेलं हो!"

"तुमचं नाक शाबूत आहे. या बिचाऱ्याचा अख्खा चेहरा गेलाय. बाजूला व्हा, उजेड येऊ द्या."

मला लोक चौकशीबाई म्हणतात. विमा कंपन्यांसाठी जहाजबुडीच्या चौकशा करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर गप्प बसवेना, म्हणून बुडालेल्या जहाजांवरच्या माणसांचा माग काढते. स्वतःच्या तोंडाने सांगते, या कामात माझा हात धरणारं कोणी मला अजून भेटलेलं नाही.

हे जहाज प्रवासी होतं. निघायच्या दिवशी धक्क्यावर सगळ्या नोकरवर्गाचा हा फोटो काढला होता. युद्धात पाणबुडीने बुडवलं. बहुतेक प्रवासी वाचले, कॅप्टन आणि वरचे एकदोन अधिकारी वाचले. खाली काम करणारं एकही माणूस वर आलं नाही. त्या माणसांच्या नावांचा दगड आज संध्याकाळी उघडायचा होता. त्यांची घरं शोधण्याचं काम माझं, आणि ते मी पुरं केलं होतं, एक माणूस सोडून. जहाजावर पाव भाजणारा. कंपनीचं म्हणणं असं, की तो निघायच्या दिवशी जहाजावर चढलाच नाही, पळाला. म्हणून दगडावर त्याला जागा नव्हती.

आणि काल त्याची मुलगी येऊन उभी राहिली. साठीला टेकलेली, हातात कापडी पिशवी. सगळे तिला माई म्हणायला लागले होते. तिने या फोटोवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे माझे वडील."

ते बोट नेमकं आता भोक असलेल्या जागेवर होतं.

२

"मी वडिलांना पाहिलेलंच नाही हो," माई म्हणाली. भावोजींच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. "ते गेले तेव्हा मी आईच्या पोटात. घरात त्यांचा फोटोही नव्हता."

"मग ओळखलंत कसं?"

तिने केस मागे सारले. उजव्या भुवईत पांढऱ्या केसांची एक बारीक रेघ होती, खडूने ओढावी तशी.

"ही जन्मापासून आहे. आई म्हणायची, बापाची सही घेऊन आलीस. काल फोटोत बघितलं, तर तशीच रेघ. साहेबांना दाखवलं, तर ते म्हणाले चष्मा घरी राहिला."

भावोजींचा चष्मा हा स्वतंत्र चौकशीचा विषय आहे. तूर्त सोडून देते.

"मग ठरलं, की उद्या चौकशीबाई येतील, भिंग लावून बघतील, त्या म्हणतील ते खरं. मी रात्रभर देवाला म्हणत होते, बाईंची नजर चांगली असू दे." तिने पिशवी मांडीवर घेतली. "शाळेत मला पळपुट्याची पोर म्हणायचे. आईला तर लोक तोंडावर विचारायचे, कुठे दुसरं घर मांडलंय का त्याने? ती मरेपर्यंत दाराकडे तोंड करून जेवली. मला बाकी काही नको. ते पळाले की नाही, एवढं कळलं तरी पुरे."

मी तिचा हात दाबला. एरवी मी कोणाला शब्द देत नाही. त्या दिवशी दिला. "संध्याकाळच्या आत कळेल."

बाहेर आल्यावर भावोजी कपाळाला हात लावून म्हणाले, "मेहुणीबाई, चेहराच नाही, आता कशाच्या जोरावर सांगणार?"

"आधी हे सांगा, काल किल्ली कोणाकोणाकडे होती?"

"कॅप्टनच्या मुलीकडे. फुलं मांडायला. आणि हेडसरांकडे. आज ते बोलणार आहेत, भाषणाची तालीम करायची म्हणाले." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणि त्या दोघांच्याही आधी माई एकटीच आत बसली होती. पाऊण तास."

३

कॅप्टनची मुलगी ताठ मानेची बाई. तिने मला बसा म्हणायच्या आधीच सांगून टाकलं.

"संशय माझ्यावर असणार, मला कळतं. पाववाला जहाजावर नव्हता अशी साक्ष माझ्या वडिलांनी दिली होती. तो होता असं ठरलं तर वडील खोटे पडतात. पण मी फोटोला हात लावलेला नाही. तो फक्त बुडालेल्यांच्या घरी पाठवला होता, आम्हाला कधी मिळालाच नाही. काल पहिल्यांदा वडिलांना तरुणपणी पाहिलं. मी कशाला कापू तो?"

"तुमच्या वडिलांनी कशावरून सांगितलं, की तो नव्हता?"

"पावावरून! निघाल्यापासून पाव मिळालाच नाही. टणक बिस्किटं. मुलं रडायची, बायका तक्रारी घेऊन वडिलांकडे यायच्या. स्वयंपाक्याला विचारलं तर म्हणाला, पाववाला नाही. आता जहाजावर पाववाला असता आणि पाव नाही, असं होईल का?"

मुद्दा बिनतोड होता. कॅप्टन खोटं बोलला नव्हता, एवढं मला पटलं.

"आणि दिव्यांची गोष्ट?" मी विचारलं. ती मला माहीत होती, पण प्रत्येकाच्या तोंडून ऐकायची माझी सवय.

तिचा आवाज जरा खाली आला. "जहाज कलंडत होतं. बोटी उतरवायला उजेड हवा, उजेडाला बॉयलर चालू हवा. वडिलांनी बोलायच्या नळीतून खाली बॉयलरखान्यात विचारलं, कोणी आहे का? उत्तर आलं, आहे, दिवे चालू ठेवतो. वडिलांनी विचारलं, कोण तू? तर म्हणाला, अकरा नंबर. शेवटची बोट सुटेपर्यंत दिवे होते. वडील म्हातारपणी झोपेत तो नंबर पुटपुटायचे."

बॉयलरच्या भट्टीत कोळसा घालणाऱ्यांना जहाजावर आगवाले म्हणत. प्रत्येकाला पितळेचा बिल्ला असे, त्यावर नंबर. अकरा नंबरचा बिल्ला ज्याच्या नावावर होता, त्याचाच मुलगा म्हणजे आमचे हेडसर.

४

हेडसर निवृत्त मुख्याध्यापक. आवाज खणखणीत, कपडे इस्त्रीचे, वाक्यात पूर्णविराम ऐकू येतो. शेजारी त्यांच्या बाई बसल्या होत्या, गळ्यातल्या गोल लॉकेटशी चाळा करत.

"मी काल तालीम केली आणि गेलो," हेडसर म्हणाले. "फोटो पाहिला, पाहायलाच हवा. माझे वडील आहेत त्यात."

"कुठे उभे आहेत?"

"आगवाल्यांच्या रांगेत."

"तुमच्या घरीही हा फोटो आला असेल ना? मी दोन वर्षं घरोघर विचारतेय. कोणाकडे वाळवी, कोणाकडे पूर."

"आमच्याकडेही राहिला नाही," ते म्हणाले, आणि त्यांच्या बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. 

मी विषय बदलला. "वडील गेल्यावर तुमचं कोणी केलं?"

हेडसर पहिल्यांदाच हसले. "मामाने. लांब राहायचा, वाण्याच्या दुकानात होता. वर्षातून एकदोनदा यायचा, पिशवीभर पुस्तकं आणायचा. आला की आम्ही भावंडं त्याच्या हातांवरचे निळे ठिपके मोजायचो. खूप होते, प्रत्येकाचा आकडा वेगळा यायचा, आणि त्यावरून मारामारी. मामा हसायचा नुसता. मी शिकलो तो त्याच्या धाकाने. 'तू अकरा नंबरचा मुलगा आहेस, नापास होऊ नकोस,' म्हणायचा."

"आणि हे लॉकेट?" मी बाईंना विचारलं.

"सासूबाईंचं. जाताना माझ्या गळ्यात घातलं. आत मामंजींचा फोटो आहे म्हणतात, पण उघडू नकोस म्हणाल्या, म्हणून मी कधी उघडलं नाही."

हेडसर ताडकन उठले. "भाषणाची वेळ होत आली. काही विचारायचं असेल तर समारंभानंतर विचारा." आणि बाईंचा हात धरून ते निघाले. उत्तरं संपल्यावर माणूस असाच उठतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय.

५

मी भावोजींना चौकट उघडायला लावली. त्यांनी कुरकुर केली, पण आणलेला चष्मा या वेळी डोळ्यांवर होता.

"भोकाची कड बघा. कोणत्या रंगाची आहे?"

"पिवळट. तपकिरी. फोटो जुना आहे ना."

"फोटो जुना, पण भोक कालचं म्हणताय ना? जाड कागद आहे. काल कापला असता तर कड आतून पांढरी दिसली असती. हे भोक जवळजवळ फोटोइतकंच जुनं आहे."

भावोजी भोकावर वाकले. "पण काल तर चेहरा होता! माईंनी बघितला, मी बघितला. म्हणजे, चष्म्याशिवाय."

"कालचा तो फोटो इथे कुठून आला होता?"

"बंद पडलेल्या स्टुडिओच्या पेटीतून. परवाच. अगदी टवटवीत होता, काळाभोर." त्यांनी खाली पाहिलं. "हा जरा विटलेला वाटतोय, नाही?"

"विटलेलाच आहे. कडेने बोटभर पट्टा गडद आहे, तिथे दुसऱ्या चौकटीची पट्टी बसत होती. भावोजी, हा पेटीतला फोटो नाहीच. हा कुणाच्या तरी भिंतीवर उन्हात अनेक वर्षं टांगलेला होता, भोकासकट. काल कोणीतरी तुमचा फोटो काढून नेला आणि स्वतःच्या घरचा इथे ठेवला. सगळ्यांना वाटावं, चेहरा कोणीतरी कापला."

कॅप्टनच्या घरी फोटो नव्हता. पळपुट्याच्या घरी कंपनी कशाला पाठवेल? किल्ली ज्यांच्या हातात आली, त्यांच्यात उरलं एकच घर.

पण चोर सापडून माईचं काय भलं होणार होतं? मला तो माणूस हवा होता. मी भिंग घेतलं आणि चेहरा सोडून खालचं सगळं बघायला लागले. चोराने हीच चूक केली होती. तो शाळामास्तर. आयुष्यभर त्याने चेहरे बघितले. धड तसंच ठेवून दिलं.

आगवाल्यांची रांग मी डावीकडून उजवीकडे पाहिली. मग उजवीकडून डावीकडे. आणि मला हसू फुटलं.

"भावोजी, सगळ्यांना बोलवा. दगड कोरणाऱ्यालाही थांबवून ठेवा."

६

टेबलाभोवती माई, कॅप्टनची मुलगी, हेडसर आणि त्यांच्या बाई. मी भिंग आधी कॅप्टनच्या मुलीच्या हातात दिलं. जी मान ताठ, तिलाच आधी वाकवावी.

"आगवाल्यांच्या गळ्यात काय आहे?"

"फडकं. घाम पुसायला असणार. सगळ्यांच्या गळ्यात आहे." ती सरकत सरकत भोकापाशी आली. "याच्या नाही. याने कमरेला बांधलंय. पुढून, पोटावर, वर दुमडून."

"भट्टीपुढे कमरेला फडकं कोणी आगवाला बांधणार नाही. घाम डोळ्यांत उतरतो, हात गळ्याकडे जातो. कमरेला फडकं बांधतो तो पीठ मळणारा. त्याला अंगावरचं पीठ झाडायचं असतं, गरम पत्रा धरायचा असतो. हा माणूस दुसऱ्याच्या रांगेत उभा राहिला, दुसऱ्याचा बिल्ला लावला, दुसऱ्याचे कपडे घातले, पण फडकं मात्र हाताच्या सवयीने बांधलं. माई, हे तुमचे वडील. ते जहाजावर होते."

माईने टेबलाची कड घट्ट धरली.

"मग पाव?" कॅप्टनच्या मुलीने विचारलं.

"ते पाव कुठून भाजणार, ते खाली कोळसा घालत होते. निघायच्या दिवशी एक आगवाला आलाच नाही. त्याला ताप होता की भीती वाटली, मला माहीत नाही, आणि जे माहीत नाही ते मी सांगत नाही. पण युद्धाच्या दिवसांत न येणं म्हणजे तुरुंग. त्याच्या मित्राने त्याचा बिल्ला उचलला. पावाशिवाय जहाज चालतं, आगीशिवाय चालत नाही. शिवाय भट्टीची धग सोसायची त्याला सवयच होती. स्वयंपाक्याला फक्त एवढंच दिसलं, की आपला माणूस नाही. बॉयलरखान्यात मोजणी केली तर सगळे हजर. तुमचे वडील खोटं बोलले नाहीत, बाई. त्यांनी पावावरून माणूस मोजला, तिथे चुकले."

"आणि नळीतला आवाज," ती हळूच म्हणाली.

"जहाज बुडतंय, आपण वाचत नाही, हे त्या माणसाला कळलं होतं. तेव्हाही त्याने स्वतःचं नाव सांगितलं नाही. नाव सांगितलं असतं तर मित्र उघडा पडला असता. म्हणून म्हणाला, अकरा नंबर."

हेडसर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सगळं तर्कावर चाललंय तुमचं. एका फडक्यावरून स्वर्ग गाठताय. चेहरा कुठे आहे?"

"तुमच्या घरात आहे," मी म्हणाले. "नाही, चुकले. या खोलीत आहे."

आणि मी त्यांच्या बाईंकडे वळले.

७

हेडसर पुढे झाले, पण बाईंनी त्यांना नुसत्या नजरेने थांबवलं. "तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. "काल घरातला फोटो भिंतीवरून उतरवलात, मला म्हणालात काच पुसायला दिलाय. मी तेव्हाही काही बोलले नाही."

लॉकेट घट्ट होतं. भावोजींनी खिशातला चाकू दिला. झाकण उघडलं तेव्हा आत एक बारीकसा गोल चेहरा होता, ऊन न लागलेला, काळाभोर. बाईंनी तो टेबलावरच्या भोकावर अलगद ठेवला. कडेला कड बसली.

भिंगाची गरज नव्हती, तरी मी लावलं. उजव्या भुवईत पांढरी रेघ होती.

"तुमच्या सासूबाईंच्या घरी फोटो आला, तेव्हा त्यांना नवऱ्याच्या जागी दुसराच माणूस दिसला," मी म्हणाले. "कोणी बघितलं असतं तर सगळं बाहेर आलं असतं, म्हणून चेहरा कापला. पण टाकवला नाही. आपला नवरा ज्याच्यामुळे जगला, त्याला त्या बाईने जन्मभर गळ्यात वागवलं. मात्र त्याच्या बायकोला एक शब्द कळवला नाही. याबद्दल मी त्यांना माफ करणार नाही. करायचं तर माईंनी करावं."

माई ऐकतच नव्हती. ती भिंग घेऊन टेबलावर ओणवी झाली होती.

"अगंबाई," ती म्हणाली, "किती लहान आहे हा पोरगा!"

बापाला ती पोरगा म्हणाली. तिचा धाकटा मुलगाही त्याच्याहून मोठा असेल. मग तिने बोटाच्या टोकाने त्याच्या भुवईला हात लावला आणि तेच बोट स्वतःच्या भुवईवर नेलं, आणि तिला रडू कोसळलं. मलाही आवरलं नाही. आवरायचं कारणही नव्हतं.

हेडसरांनी भाषणाची फाईल उघडली. कागदांच्या खाली पेटीतला फोटो होता, धडधाकट. "फाडायला घेतला होता," ते म्हणाले. "हात होईना. काल भुवई बघितली, माईंकडे बघितलं, आणि पायाखालची जमीन सरकली. हे माझे वडील नाहीत, एवढं कळलं. पुढचं काही कळलं नाही. लहानपणापासून तेवढीच एक गोष्ट माझी होती हो. दर वर्षी मुलांना सांगायचो."

मी त्यांना खिडकीपाशी घेऊन गेले. जे सांगायचं ते चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं.

"हेडसर, कोळसा फुटला की त्याचे कण उडून कातडीत बसतात. जखम भरते, आत निळा ठिपका राहतो, तो मरेपर्यंत जात नाही. अशा ठिपक्यांनी भरलेले हात मी पुष्कळ पाहिले आहेत. वाण्याच्या दुकानात असे हात होत नाहीत."

ते बाहेर बंदराकडे बघत राहिले. 

"मामा," ते म्हणाले. मग, "तो मला अकरा नंबरचा मुलगा म्हणायचा तेव्हा मान खाली घालायचा. मला वाटायचं, दुःखाने."

"दुःखही असेलच. तुमच्यासाठी तो येत राहिला, पुस्तकं आणत राहिला. तेवढं तुमचंच आहे, ते कोणी काढून घेत नाही."

त्यांनी डोळे पुसले, शर्ट नीट केला. "दगडावर माझ्या वडिलांचं नाव राहता कामा नये. कोरणाऱ्याला मी सांगतो."

८

संध्याकाळी सभागृह भरून गेलं. मी शोधलेली सगळी घरं आली होती, लेकीसुना, जावई, नातवंडं. भावोजी चष्मा लावून दारात उभे होते आणि प्रत्येकाला आपणच चोरी पकडल्यासारखं सांगत होते. मी म्हटलं, सांगू देत. माई पुढच्या रांगेत माझ्या शेजारी होती. गळ्यात लॉकेट होतं. हेडसरांच्या बाईंनी स्वतः घातलं होतं, आणि माईने घेतलं होतं, एवढंच सांगते. दोघींत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही.

दगडावरचं कापड निघालं. एका जागी नाव खरवडून नवीन कोरलेलं होतं, दगडाची पूड अजून खाचेत होती. नावापुढे काय लिहायचं, पाववाला की आगवाला, असं कोरणाऱ्याने विचारलं होतं. माई म्हणाली होती, दोन्ही लिहा, दोन्ही कामं केलीत त्यांनी.

हेडसर बोलायला उभे राहिले. फाईल त्यांनी मिटूनच ठेवली. त्यांचा तो खणखणीत आवाज पार बसला होता.

"अकरा नंबर माझे वडील नव्हते," ते म्हणाले. "शेवटपर्यंत दिवे चालू ठेवले ते यांच्या वडिलांनी. पाव भाजणाऱ्याने. ते पळाले नव्हते."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. मागच्या रांगांतले लोक एकमेकांना विचारायला लागले, काय म्हणाले, कोण पळालं?

माईने मला कोपराने ढोसलं.

"बाई, त्यांना म्हणावं मोठ्याने सांगा," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाही."

हेडसरांनी ते ऐकलं असावं. त्यांनी मान ताठ केली आणि भरल्या वर्गात सांगावं तसं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.